प्रिन्सेस डायना नेमकी कोणत्या टाईपची? असाइनमेंट अडकली, मदत करा राजेहो

पऱ्हाटीवाली_पोट्टी:
नमस्कार मंडळी. मी एमए सायकॉलॉजी बाहेरून करून रायली, दुसरं वर्ष, गाव यवतमाळ जिल्ह्यात, रेंज आली तर आली नाहीतर फोन घेऊन पाण्याच्या टाकीखाली उभं राहा अशी गत. तर असाइनमेंट अशी हाय की समाजसेवा केलेल्या एका प्रसिद्ध व्यक्तीचा सोळापैकी कोणता पर्सनॅलिटी टाईप ते ठरवा आणि पुरावे द्या. बाकीच्यांनी धडाधड मदर टेरेसा घेतली, मी हट्टानं डायना घेतली, कारण आईच्या लग्नाच्या ट्रंकेत तळाशी १९९७ चा पेपर अंथरलेला हाय आणि लहानपणापासून गोधड्या काढल्या की खालून तिचा फोटो निघायचा, अर्ध्या गालावर गंजाचा डाग. ही बाई कोण म्हणून विचारलं तर आई म्हणायची, राणी होती, दुखी होती. बस, तेवढंच.

टाईप म्हणजे चार अक्षरं: आय एकांतात रमणारा, ई माणसांत रमणारा; एस समोर दिसते ते धरणारा, एन कल्पनेत जाणारा; टी डोक्यानं ठरवणारा, एफ मनानं; जे आखून चालणारा, पी वेळेवर पाहू म्हणणारा. आता प्रॉब्लेम असा की नेटवर एक जण आयएनएफपी म्हणतो, दुसरा आयएसएफपी, तिसरा ईएसएफजे, आणि सगळे एकदम छातीठोकपणे. मी काढलेले मुद्दे: लाजाळू होती, सुरुवातीला पेपरवाले तिला 'शाय डाय' म्हणत. १९९२ च्या फेब्रुवारीत ताजमहालासमोर बाकावर एकटी बसलेली, तो फोटो सगळ्यांनी पायला हाय. म्हणजे आय? पण तीच बाई गर्दीत घुसून अनोळखी माणसाला मिठी मारते, मग ई नाही का? एफबद्दल तर वादच नाही, १९९५ च्या त्या टीव्ही मुलाखतीत स्वतःच म्हणाली की मी नियमाच्या पुस्तकानं चालत नाही, डोक्यानं नाही तर मनानं चालते. पण एस का एन, जे का पी इथं माझी गाडी रुतली. सोमवारी सबमिट करायचं हाय.

वऱ्हाडी_झटका:
आमच्या गावात दोनच टाईप हायेत बाप्पा, एक उधारी देणारे आन् दुसरे बुडवणारे. डायनाबाई पहिल्यातली वाटते. लिहून टाक, सरले कळत नाई.

टाईपवाला_भाऊ:
झटक्या तू राहू दे बे. ताई, हे चार वर्ष झाले मी टाईपिंगच करून रायलो (लोकाईचं, कंप्युटरवरचं नाई), आणि माझं स्पष्ट मत आयएसएफपी. चार अक्षरं सुटी सुटी धरू नका, तिथंच सगळे फसतात. आयएसएफपीत मुख्य गोष्ट असते आतलं मन, म्हणजे जगाचा नियम काही का असेना मला आतून जे बरोबर वाटलं ते बरोबर, आणि त्याच्या जोडीला पाच इंद्रियं, म्हणजे समोर जे आहे त्याला हात लावायचा, कमिट्या नेमत बसायचं नाही.

आता पाहा. ९ एप्रिल १९८७, लंडनचं मिडलसेक्स हॉस्पिटल, ब्रिटनमधला एड्सचा पहिला खास वॉर्ड, उद्घाटनाला डायना. त्या काळात लोकांना वाटे हात लावला की एड्स होतो. हिनं हातमोजे न घालता त्या पेशंटशी हात मिळवला, फोटो जगभर गेला. भाषण आठवतं का कोणाला? नाही. हात आठवतो. १९८९ ला इंडोनेशियात कुष्ठरोग्यांचा दवाखाना, तिथंही हात. १९९७ च्या जानेवारीत अंगोलात सुरुंग पेरलेल्या भागात जाकीट आणि तोंडावर काच घालून स्वतः चालत गेली, आणि इकडे त्यांचाच एक मंत्री तिला बेलगाम म्हणून मोकळा झाला. आयएनएफपी असती तर कविता केली असती आणि खोलीत बसून रडली असती. ही रडली पण असेल, पण नंतर उठून गेली.

आणि अजून एक. १९९६ ला घटस्फोट झाला तेव्हा शंभरेक संस्थांवर तिचं नाव होतं, तिनं बहुतेक सगळ्या सोडल्या आणि फक्त सहा ठेवल्या. कुष्ठरोगवाली ठेवली, एड्सवाली ठेवली, बेघर पोरांची, लहान मुलांचं हॉस्पिटल, कॅन्सरचं हॉस्पिटल, आणि बॅले नाचवाली. ईएसएफजे माणूस असं करतच नाही, त्याला शंभर घरचं आमंत्रण सोडवत नाही. केस क्लोज.

संत्राबर्फी:
केस कसली क्लोज भाऊ, तुम्ही नुसते हात पाहून रायले, कॅमेरा कोण पाहणार?

मी नागपुरात नोकरी करते, मूळची काटोलकडची, आणि माझं काम लोकांशी बोलायचंच आहे, तर सांगते. त्या बाईला समोरच्याच्या मनात काय चाललं हे कळायचं आणि आपलं वागणं त्या माणसापर्यंत कसं पोचेल हेही कळायचं. ही आतल्या मनाची गोष्ट नाही, बाहेरच्या मनाची आहे, म्हणजे ईएनएफजे किंवा ईएसएफजे. अंगोलात ती सुरुंगाच्या पट्ट्यातून दोनदा चालली, का तर पहिल्यांदा काही फोटोग्राफरांना नीट फोटो मिळाला नाही. नुसतं आतून वाटलं म्हणून गेली असती तर एकदाच गेली असती ना? दुसऱ्यांदा ती फोटोसाठी गेली, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही उलट हुशारी वाटते, कारण त्या फोटोनं जेवढं काम केलं तेवढं दहा भाषणांनी झालं नसतं. डिसेंबर १९९७ ला सुरुंगबंदीचा करार कॅनडातल्या ओटावात सह्या होऊन झाला, तेव्हा ती नव्हती हा भाग वेगळा.

तसंच कपड्यांचं. जून १९९७ ला न्यूयॉर्कमधे तिच्या ७९ ड्रेसचा लिलाव, बत्तीस लाख डॉलरच्या वर पैसे, एड्स आणि कॅन्सरच्या कामाला. (कल्पना म्हणे मोठ्या पोराची.) आपल्याकडे बायका मेलेल्या सासूचं पैठणीचं पातळ कोणाला द्यायचं यावर तीन पिढ्या बोलत नाहीत.

पऱ्हाटीवाली_पोट्टी तू मुलाखतीचं लिहिलंस ते पण जपून वापर. ती मुलाखत खोटी कागदपत्रं दाखवून मिळवली होती, २०२१ च्या चौकशीत ते बाहेर आलं. म्हणजे ती बोलली ते तिचंच, पण ज्या माणसाला आधीच भ्या दाखवलंय की तुझ्या आजूबाजूचे सगळे फितूर आहेत त्याच्या बोलण्यावरून स्वभाव काढायचा म्हणजे साप चावलेल्याची नाडी पाहून तब्येत ठरवण्यासारखं आहे.

टाईपवाला_भाऊ:
ताई पैठणीवर हसू आलं पण मुद्दा पटला नाही. रात्री गुपचूप हॉस्पिटलात जायची ते कोणत्या कॅमेऱ्यासाठी? पोरांना घेऊन बेघरांच्या आसऱ्यात जायची ते? शाळेत असताना मुलींना जवळच्या मनोरुग्णालयात नेत तर बाकीच्या पोरी बिचकायच्या आणि ही पेशंटसोबत नाचायची, तेव्हा कोण होता फोटो काढायला? पोरगी ओ लेव्हलला (म्हणजे तिकडची दहावी) दोनदा नापास, पण शाळेनं बक्षीस दिलं ते मदत करण्याबद्दल.

संत्राबर्फी:
मग मी कुठं म्हटलं ढोंग होतं? कॅमेरा असताना आणि नसताना तेच करणारा माणूस म्हणजे ढोंगी नाही. मी म्हणते तिला दोन्ही कळत होतं. तुम्हाला आय पाहिजे म्हणून तुम्ही फक्त रात्रीच्या भेटी मोजता, मला ई पाहिजे म्हणून मी फक्त दिवसाच्या.

वऱ्हाडी_झटका:
हे बरोबर हाय. दिवसा ई, रात्री आय. थ्री फेजचं मीटर लावा तिले.

गणिताचे_सर:
मुलीनो आणि मुलानो, दोन मिनिटं. मी मानसशास्त्राचा नाही, दहावीला गणित शिकवतो, पण मोजमाप म्हटलं की मला राहवत नाही. युंगनं १९२१ ला प्रकारांवर पुस्तक लिहिलं, त्यावरून अमेरिकेतल्या ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही सोळा प्रकारांची चाचणी बनवली, दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. त्यानं काही बिघडत नाही, आमच्या गावचा मिस्त्री शिकलेला नाही पण भिंत ओळंब्यात असते. बिघडतं ते इथं की बहुतेक माणसं मधेच कुठंतरी असतात, आणि ही चाचणी मधोमध रेघ मारून म्हणते इकडचा तू लाजाळू, तिकडचा तू बोलका. ३४ मार्कवाला नापास आणि ३६ वाला पास, तसं. दोघांत फरक किती? दोन मार्कांचा. म्हणून तर तोच माणूस महिन्याभरानं पेपर परत सोडवतो तर बऱ्याचदा एखादं अक्षर बदलतं. वर्गात वीस वर्षं पाहतो आहे, ३४ आणि ३६ वाल्यांना एका बाकावर बसवलं तर कोण कोणता ते मलाही सांगता येत नाही.

संशोधनवाले हल्ली पाच गुणांची मोजपट्टी वापरतात, त्यात रेघ नसते, किती ते सांगतात. डायनाच्या बाबतीत आपुलकी फार वर, भावनांची चढउतार पण फार वर (खाण्याचा आजार होता हे तिनंच सांगितलं), शिस्त मधली. हे लिहिलं तर निदान एकमेकांशी भांडणारं काही नाही. आणि सहा वर्षांची असताना आईबाप वेगळे झाले, १९६९ ला कायद्यानं घटस्फोट, हे चार अक्षरांत कुठं बसवणार?

पऱ्हाटीवाली_पोट्टी:
सर पटलं, पण असाइनमेंटमधे सोळापैकीच एक लिहा म्हटलंय ना, रेघ आमच्या सरांनीच मारली. मी शेवटी थोडं पाच गुणांचं टाकते.

सायकलवाले_काका:
पोरी, हे सगळं वाचलं. मी कुष्ठरोगाच्या कामात ३१ वर्षं काढली, वर्धा जिल्हा, निम्मी नोकरी सायकलीवर. टाईप मले समजत नाई पण हात लावण्याबद्दल बोलून रायले म्हणून लिहून रायलो, जरा लांबेल, झोप येत नाई तशीही.

तुमी सगळे असं धरून चालले की कुष्ठरोग्याले हात लावणं हे स्वभावात असते नाईतर नसते. माह्या नाई होतं. पहिल्या दिवशी मले एका वस्तीत पाठवलं, एक म्हातारी ओट्यावर बसली होती, हाताचे बोटं वाकलेले, तिनं हात पुढं केला आणि मी हातातली फाईल पुढं केली. फाईल! अजून लाज वाटते. घरी आलो तर साबणानं तीनदा हात धुतले, माय म्हणे काय झालं रे, मी म्हटलं काई नाई शेण लागलं. आमचे एक सिनिअर होते त्याईनं ते पायलं होतं, ते काई रागावले नाई. दुसऱ्या दिवशी मले फक्त तपासायले लावलं. कसं तपासतात सांगतो. पेशंटले डोळे मिटायले लावायचे, मंग चट्ट्यावर पेनाच्या टोकानं हलकं टेकवायचं आणि तिले म्हणायचं कुठं लागलं तिथं बोट ठेव माय. जिथं बधिर असते तिथं बोट येतच नाई, पेन टेकूनही ती वाट पाहात बसते. मंग कोपराच्या मागं बोटं घालून नस चाचपायची, तुमाले कोपर आपटला की झिणझिण्या येतात ना तीच नस, ती जाड झाली का, दुखते का. आता हे सगळं फाईलनं होत नाई. हाताले काम दिलं की भ्या मागं पडते. दोन महिन्यात मी त्याच म्हातारीच्या घरी कपबशीतला चहा पिलो, कानतुटका कप होता, तोही तिनंच धुतलेला. नंतर गोळ्या सुरू केल्या तर तिची लघवी लाल आली, बाई घाबरून पाच किलोमीटर पायी मले शोधत आली, मंग समजावलं की ते औषधाचं हाय रक्ताचं नाई. आमच्या जिल्ह्यात त्या पत्त्यातल्या गोळ्या, म्हणजे एमडीटी, ८० च्या दशकाच्या सुरुवातीलेच आल्या होत्या, म्हणून बरं.

आता आपल्या इकडचेच तीन जण घे. सेवाग्रामले परचुरे शास्त्री कुष्ठरोगी म्हणून आले, तर गांधीजी त्याईची रोज मालिश करत. कर्तव्य म्हणून, घड्याळ लावून, ते सगळंच घड्याळ लावून करत. दत्तपूरले मनोहरजी दिवाणांनी १९३६ पासून कुष्ठरोग्याईत राहून काम केलं, गाजावाजा नाई, फोटो शोधाले गेलं तर मोजके भेटतील. आणि वरोऱ्याचे बाबा आमटे, हिंगणघाटच्या जहागीरदार घरातला वकील माणूस, त्याईनं तर स्वतःच सांगितलं की पावसात गटारापाशी तुळशीराम पाहिला आणि भ्यायलो, पळालो. मंग आपण भ्यायलो याची चीड आली आणि परत गेले. ज्याले भ्या वाटलं त्यानंच आनंदवन उभं केलं. तीन माणसं, तीन स्वभाव, आणि काम एकच. तुमच्या त्या सोळातले किती टाईप झाले हे?

तुमची डायना मले तरी बाबांसारखी वाटत नाई, तिले भ्या वाटलं असं दिसत नाई. पण ती नुसती हात लावून निघून जात नव्हती हे मात्र खरं. १९९३ ले नेपाळले गेली होती, तिथल्या कुष्ठरोग दवाखान्याचं नाव आनंदबन. आमच्या हापिसात कोणीतरी पेपरातलं वाचून म्हणे अरे डायना आनंदवनले आली आपल्याले कोणी सांगितलं नाई! अर्धा दिवस गोंधळ. त्या फोटोचा आमाले काय फायदा झाला सांगू का. एका गावात पेशंटच्या सुनेनं सासऱ्याचं ताट वेगळं केलं होतं, पडवीत. तिले मी शंभरदा सांगितलं, औषध सुरू झालं का पसरत नाई, ऐके नाई. मंग पेपरातलं कात्रण दाखवलं, हे पाय बाई, इंग्लंडची राणी बिनमोज्यानं हात धरून बसली. राणी नव्हती पण मी राणीच म्हणायचो. ते कात्रण पायत ती म्हणे, तिच्या घरी सासू नसन विचाराले. ताट आत आलं मात्र. आठ दिवसांनी.

आणि त्या मिडलसेक्सच्या फोटोत एक गोष्ट पायली का? पेशंटचा चेहरा दिसत नाई, पाठमोरा हाय. डायना सगळ्या जगासमोर, आणि त्या बिचाऱ्याले तोंड दाखवायचीही सोय नाई. आमच्या रजिस्टरमधेही लोक खोटं नाव सांगत, पत्ता दुसऱ्या गावचा. मले विचारशील तर त्या फोटोत डायनापेक्षा तोच जास्त हिमतीचा, त्यानं हात पुढं केला.

टाईपवाला_भाऊ:
काका. मी चार वर्षात त्या माणसाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

संत्राबर्फी:
मी पण नाही. फोटो आत्ता परत काढून पाहिला.

गणिताचे_सर:
काका, "पेन टेकूनही ती वाट पाहात बसते" हे वाचून थोडा वेळ थांबलो.

ओसरीवरची_काकू:
मी नेहमी नुसती वाचते पण आज लिहिते. १९९७ ला डायना गेली ती बातमी रविवारी सकाळी आली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे बैलाईची खांदशेकणी चालू होती, हातात तूप हळद आणि रेडिओवर ते. आमचे सासरे म्हणे कोण मेलं, मी म्हटलं विलायतची सून, तर ते म्हणे पोरं किती होती. दोन म्हटलं तर बैलाच्या खांद्यावरचा हात थांबला त्याईचा. त्याच आठवड्यात मदर टेरेसा पण गेल्या, आणि डायनाची मयत दाखवली तेव्हा गणपती बसले होते, मंडळात टीव्ही आणला होता, आरती लांबली. पोरीच्या आईनं पेपर ट्रंकेत ठेवला म्हणते ना, माझ्या ओळखीत अशा चार जणी आहेत. सासरी नवऱ्याचं मन दुसरीकडे आणि चारचौघात हसत राहायचं, हे ज्यांनी काढलंय त्यांना तिचा टाईप विचारायची गरज पडली नाही बाई.

पऱ्हाटीवाली_पोट्टी:
काकू, आईला तुमचं वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पोळीचा तवा जरा जास्तच वेळ घासत बसली.

बरं, मी असं ठरवलं. टाईप आयएसएफपी लिहिते, भाऊचा पुरावा वापरून, पण खाली ताईचा अंगोलातला दोनदा चालण्याचा मुद्दा पूर्ण लिहिते आणि मला ते खोडून काढता आलं नाही असंही लिहिते. मुलाखतीचं वाक्य काढून टाकलं. सरांची ३४-३६ ची गोष्ट एका पानात. आणि काकांचे तीन जण घेऊन शेवटचा भाग, की एकच कृती तीन वेगळ्या स्वभावांतून निघू शकते तर कृतीवरून उलटं स्वभावाकडे कसं जायचं. सर मार्क कापतील बहुतेक, कापू द्या. काका, तुमचं पेनवालं लिहिलं तर चालेल का, नाव न टाकता? आणि तुम्ही ती चाचणी एकदा भरून पाहा ना, लिंक टाकते, मला उत्सुकता हाय.

सायकलवाले_काका:
लिही ना, त्यात काय विचाराचं. चाचणी नातवानं लावून दिली. पहिलाच प्रश्न, तुमाले पार्टीत जायले आवडते का. आता पार्टी म्हणजे काय धरू? हुरड्याची म्हणत असन तर हो, निवडणुकीतली म्हणत असन तर नाई, आणि तेरवीले जावंच लागते, आवडो न आवडो. नातू म्हणे आबा काहीतरी एक दाबा. दाबलं. आयएसटीजे आलं. मंग लाईट गेली, तासाभरानं आली तर त्यानं परत लावलं, या वेळी हुरड्याची धरली.

वऱ्हाडी_झटका:
मंग काय आलं काका?

सायकलवाले_काका:
ईएसएफजे. नातू म्हणते आबा तुमी दोन माणसं हा.